दाजींच्या विमानाला कंठ फुटला

माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, फौजेतनं सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि घरी येऊन त्यांनी विमान करायला घेतलं. माणसं निवृत्त झाल्यावर म्हैस घेतात, सोसायटीच्या निवडणुकीला उभी राहतात, फार तर नवी बुलेट घेतात. आमच्या दाजींनी उसाच्या कडेची बंद पडलेली पोल्ट्री झाडून काढली आणि कोंबड्यांच्या जागी विमान मांडलं. दोन माणसांचं, एका इंजिनाचं. नऊ वर्षं ते तिथं होतं. अजूनही कुठला पत्रा काढला की मागनं एखादं पीस निघतं. मी एकदा म्हणालो, "दाजी, पंख तर आधीपासनंच हायती की हितं." चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

फौजेत ते हेलिकॉप्टरची इंजिनं दुरुस्त करायचे. तीस वर्षं दुसऱ्याला वर पाठवायचं आणि आपण खाली मान वर करून उभं राहायचं, ही नोकरी. म्हणून निवृत्तीनंतर त्यांनी परगावच्या क्लबात जाऊन उडवायचं शिकून घेतलं, लायसन काढलं. आमच्या विट्याकडची माणसं सोनं गाळायला पार कुठल्या कुठं जातात. पण सरळ वर जाणारा माणूस आमच्यात हा पहिलाच, असं मी म्हटलं की अक्का माझ्या पाठीत धपाटा घालायची. "जळ्ळी तुझी जीभ!" तिच्या घरात वाकडा शब्द चालत नाही, थट्टेत तर मुळीच नाही.

माझा विट्यात स्पीकरचा धंदा. लग्न, बारसं, जत्रा, सभा. गेल्या वर्षी एका दुपारी दाजींचा फोन आला, "पावणं, सोल्डरिंगचं सामान घिऊन या. इमान बोलंना झालंय."

गेलो. बघतो तर विमान बोलत होतं, उलट जरा जास्तच बोलत होतं. समोरच्या पाटीवर चार यंत्रं होती आणि चारी चार घरची. एक तेलाच्या दाबाचं, एक पेट्रोलचं, एक इंजिन किती तापलंय ते सांगणारं. चौथं सगळ्यांत महत्त्वाचं. विमान फार हळू झालं की पंखाला हवा उचलून धरत नाही आणि ते बदकन खाली येतं. तसं व्हायच्या आधी ह्या चौथ्याचा भोंगा वाजतो. प्रत्येकाला आपापली इवलीशी पिपाणी होती. पोल्ट्रीत शांततेत ती ऐकू यायची, पण इंजिन चालू झालं की आपलाच आवाज आपल्याला येत नाही, तिथं पिपाणीची काय कथा! तेव्हा चौघांचे आवाज एकत्र करून दाजींच्या हेडफोनमध्ये सोडायचे होते. हेडफोनला जाणारी वाट एकच.

दाजींची घाई मला कळत होती. विमान जमिनीवर पळवायची परवानगी आली होती. महिन्याभरात त्यांची डॉक्टरी तपासणी होती. ती पास झाली की पुढची परवानगी, आणि मग नऊ वर्षांचं काम हवेत. उडवणार दाजी स्वतः. दुसरं काही ते मागतच नव्हते.

"ह्यात काय हाय!" असं म्हणून मी चारी वायरी सोलल्या, मांडवात करतो तसा पीळ दिला, टेप मारली. दाजींनी एक यंत्र वाजवलं. हेडफोनमध्ये मांजराचं पिल्लू पोत्यात घातल्यागत काहीतरी कण्हलं. झालं होतं असं, की एकाचा आवाज हेडफोनकडं जायच्या ऐवजी बाकीच्या तिघांच्या पोटात शिरत होता. तीस वर्षं धंदा करून मी ही चूक केली, आणि तीही कुणासमोर, तर दाजींसमोर.

"फौजेत आसं जोडलं आसतं, तर तुमाला हेलिकॉप्टरच्या पंख्याला बांदून फिरवलं आसतं," दाजी म्हणाले.

मग नीट बसून प्रत्येक वायरीत वेगळा रेझिस्टर टाकला. म्हणजे आवाज पुढं जाईल पण शेजाऱ्याच्या घरात शिरणार नाही. भोंगा वाजला की बाकीच्यांनी गप्प बसावं म्हणून एक रिले बसवला. मी हेडफोन लावून चारी वाजवून बघितली. खणखणीत. मोठ्या ऐटीत हेडफोन दाजींच्या डोक्यावर चढवला.

तीन वाजली, दाजींनी तीनदा मान हलवली. चौथा, सगळ्यांत उंच पट्टीतला भोंगा लावला. दाजी माझ्याकडं बघत बसले.

"लावा की," ते म्हणाले.

"लावलाय की!"

"न्हाई येत."

मी पाटी उघडली, टाका परत मारला. मला ऐकू यायचा, दाजींना नाही. पुन्हा उघडली, वायर बदलली. तेच. तिसऱ्यांदा मला राग आला. मी अक्काला हाक मारली आणि हेडफोन तिच्या कानाला लावला. ती किंचाळलीच, "आगं आई! कान फाटला की माजा!"

हेडफोन माझ्या अंगावर टाकून ती घरात गेली, कारण कुकर लावला होता. पोल्ट्री घराला लागूनच. तिकडं कुकरची शिट्टी झाली. लांबलचक, गावाला ऐकू जाईल अशी. मी सहज दाजींकडं बघितलं. दाजी पान्यानं नट आवळत होते. दुसरी शिट्टी झाली. त्यांची मानसुद्धा हलली नाही. आतनं अक्का ओरडली, "आवं, गॅस बंद करा म्हटलं तर कवा उठला न्हाईसा! मीच मरत्ये सगळीकडं!" ते मात्र त्यांना ऐकू गेलं. ते म्हणाले, "आलो, आलो," आणि जागेवरनं उठले नाहीत.

मी सोल्डरिंग गन खाली ठेवली. "दाजी, कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. खोटं बोलायची त्यांना सवय नाही, त्यामुळं चेहऱ्यावर सगळं लगेच आलं. तीस वर्षं इंजिनाशेजारी उभं राहून बारीक आवाज ऐकायची कानातली ताकद गेली होती. जाडा आवाज येतो, माणसाचं बोलणं येतं. शिट्टी, भोंगा, काही नाही. पिपाण्या पोल्ट्रीतल्या शांततेत कशाबशा, इंजिन लागलं की त्याही नाहीत.

"पावणं," ते हळू आवाजात म्हणाले, "डॉक्टरी होईस्तवर कुणाला बोलू नगा. अक्काला तर मुळीच नगा."

आता माझं चुकलं ते सांगतो. मी मान हलवली. वर म्हणालो, "तुमाला ऐकू यील आसा आवाज करून देतो." ज्या माणसानं आयुष्यात माझ्यापुढं हात पसरला नाही, तो पहिल्यांदा काहीतरी मागत होता. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग सुचलं की पिपाण्या काढून सरळ माणसाचा आवाज घालावा. ट्रक मागं घेताना बाई बोलते, तसल्या छोट्या चकत्या मिळतात. वाक्य भरून ठेवायचं, वायरीत करंट आला की बोलते. पहिल्यांदा मी माझाच आवाज भरला. एवढी वर्षं माईक हातात धरलेला माणूस, मला कोण शिकवणार! दाजींनी ऐकलं आणि हेडफोन काढून ठेवला.

"पावणं, 'समस्त मंडळींना कळविण्यात येते की' हे कशाला घातलंय?"

"सवयीनं आलं."

"तुमचं कळवून हुईस्तवर मी उसात पडल्यालो आसंन."

म्हणून अक्काला बोलावलं. तिचा आवाज खालच्या पट्टीतला, भरदार, आणि दाजींना तो नक्की ऐकू येतो ह्याचा पुरावा रोज मिळत होता. तिला सांगितलं, तीन वाक्यं म्हण. तेल संपलं, पेट्रोल संपलं, इंजिन तापलं.

अक्कानं माईक हातात घेतला, पदर सारखा केला, घसा खाकरला आणि म्हणाली, "आवं, तेल वाढलं."

मी बंद केलं. "वाढलं न्हवं अक्का. संपलं."

"मी न्हाई म्हणायची."

"आगं, तेल संपल्यावर संपलं म्हणायचं न्हाई तर काय?"

"घरातलं मीठ संपलं तर आपण काय म्हणतो? वाढलं म्हणतो. बांगडी फुटली तर वाढवली म्हणतो. आणि हितं तर ह्यांचा जीव टांगल्याला आसणार. आन् मी वरनं संपलं, संपलं म्हणू? माज्या तोंडातनं न्हाई यायचं ते."

मी अर्धा तास डोकं फोडून घेतलं. शेवटी म्हणालो, "तू एकदा म्हण, मग मी साखर घालतो तुझ्या तोंडात." तर म्हणाली, "साखरबी वाढलीया." दाजी विमानाच्या पंखाखाली बसून पोट धरून हसत होते. म्हणाले, "राहू द्या हो पावणं. अडतीस वर्सं हिच्या घरात ऱ्हायलोय. वाढलं म्हंजी काय, मला कळतंय." तेव्हा तसंच भरलं. "आवं, तेल वाढलं. आवं, पेट्रोल वाढलं. आवं, इंजिन लय तापलंय." तिसऱ्या वाक्यात तिनं असा सूर लावला की इंजिन तापलं ते जणू दाजींच्याच चुकीनं.

भोंग्याचं मात्र जमेना. दाजींच्या ओळखीचे एक निवृत्त वैमानिक होते. फौजेत दाजी त्यांचं हेलिकॉप्टर बघायचे. विमान पहिल्यांदा पळवायला तेच येणार होते. आम्ही त्यांना साहेब म्हणायचो. त्यांनी फोनवर बजावलं की बाकी काही बोलू दे, पण पडण्याच्या इशाऱ्याला भोंगाच पाहिजे. वाक्य पुरं होईपर्यंत तिथं वेळ नसतो. म्हणून मी भोंग्याची पट्टी खाली आणली, म्हणजे दाजींना ऐकू यावी. पोल्ट्रीत त्यांना ऐकू आली. त्यांनी माझा हात एवढा दाबला की अंगठी रुतली. आणि इंजिन चालू केलं, तर तो जाडा भोंगा इंजिनाच्या घरघरीत बुडून गेला. मलासुद्धा येईना. वर नेला की सगळ्यांना येतो, एका दाजींना सोडून. दोन आठवडे मी तो खाली-वर करत होतो. शेवटी वरच ठेवला. दुसरा इलाज नव्हता, आणि विमानात साहेबही बसणार होते.

कराडच्या धावपट्टीवर विमान ट्रॉलीतनं नेलं. अक्का आली होती. नारळ वाढवला, विमानाच्या नाकाला कुंकू लावलं, साहेबांनाही लावलं. साहेब डावीकडं बसले, दाजी उजवीकडं, दोघांच्या डोक्यावर हेडफोन. उडायचं नव्हतंच, नुसतं पळवायचं, नाक जरा उचलून बघायचं आणि परत यायचं. माझ्याकडं एक हातातला रेडिओ होता, हेडफोनमधलं सगळं त्यात ऐकू यायचं. अक्का माझ्या शेजारी डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती. मी म्हटलं, "अक्का, डोळं उघड, नऊ वर्सांनी हललंय ते." तिनं उघडले नाहीत.

एक फेरी छान झाली. साहेबांनी नाक उचललं, पुन्हा टेकवलं, वळून परत आले. दुसऱ्या फेरीला विमान निघालं, वेग घेतला, आणि मध्येच इंजिन बंद पडून गप्पकन थांबलं. आम्ही धावत गेलो. दाजी खाली उतरून नाकाखाली वाकले होते. तेलाच्या पाइपाचा सांधा सुटला होता आणि डांबरावर तेलाची धार लागली होती.

साहेब टोपी काढून उभे. "सुभेदार, तुम्ही स्विच बंद कसा केलात इतक्या पटकन? बाई म्हणाल्या तेल वाढलं. मला वाटलं इंजिन गार आहे, दाब वर गेलाय, गरम झाल्यावर येईल खाली. मी तर थ्रॉटल पुढं ढकलणार होतो."

छावण्यांत वाढलेला माणूस. त्यांच्या मराठीत वाढलं म्हणजे वाढलंच. दाजींनी त्यांना समजावून सांगितलं. साहेब एवढे हसले की त्यांना विमानाच्या पंखाला धरावं लागलं. अक्का लाजून माझ्यामागं झाली. अजून दोन क्षण गेले असते तर नऊ वर्षांच्या इंजिनाचं भंगार झालं असतं. साहेबांनी दाजींच्या पाठीवर थाप मारली. "कान तयार आहेत तुमचे! आणि तो भोंगा, पहिल्या फेरीत नाक उचललं तेव्हाचा? ऐकलात ना?"

"व्हय साहेब," दाजी म्हणाले.

ट्रॉलीमागनं जीपमधनं परत येताना अक्का मागं झोपली होती. दाजी पुढं माझ्याशेजारी. मी आपली मस्करी करत होतो की आता विमानावर अक्काचं नाव घालायचं, कारण इंजिन तिनंच वाचवलं. दाजी हसले नाहीत. वाटेतलं टेंभू गाव मागं पडल्यावर म्हणाले, "पावणं, भोंगा वाजला व्हता का खरंच?"

"वाजला व्हता. रेडिओत मला आला की."

"तीस वर्सं," ते म्हणाले, "मी मशीन बगून सही करायचो. माजी सही बगून माणसं वर जायची. एकदाबी न बगता सही केली न्हाई. आज त्या माणसाला मी व्हय म्हटलं. न ऐकता व्हय म्हटलं."

"सोडा की दाजी. कुणाचं काय बिघडलं?"

"सोडा म्हणू नगा," ते म्हणाले. मला ते इतक्या जोरात कधी बोलले नव्हते.

डॉक्टरीला मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. आत जाऊन बसल्या बसल्या त्यांनीच सांगितलं की बारीक आवाज येत नाही. डॉक्टर म्हणाले बघू, आणि बघितलं. एकट्यानं विमान उडवायचं नाही असं ठरलं. शेजारी बसायला हरकत नाही. बाहेर येऊन दाजींनी साहेबांना फोन लावला, आधी माफी मागितली, मग विचारलं, "माजं इमान तुमी उडवाल का?" मी तोंड फिरवून रसवंतीच्या घुंगरांकडं बघत राहिलो.

अक्काला त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं. काय सांगितलं ते मला माहीत नाही; मी पोल्ट्रीत माझं सामान गोळा करत होतो. मला वाटलं होतं, तिचा जीव भांड्यात पडला असेल. नऊ वर्षं ती त्या विमानाला सवत म्हणत आली होती. थोड्या वेळानं ती आली. डोळे लाल. विमानाच्या आत वाकून तिनं हेडफोन काढला आणि माझ्या छातीवर आदळला.

"मी अडतीस वर्सं म्हणत आल्ये, हे मुद्दाम ऐकत न्हाईत. आन् तुला म्हाईत व्हतं! तू मला बोलला न्हाईस!"

"दाजींनी नगं म्हटलं व्हतं."

"ते ऱ्हाऊ दे. आदी हे नीट कर. दहा गावांस्नी झोपू दिलं न्हाईस तू आजवर, एका माणसाच्या कानात तेवढं जाईना व्हय तुला? आवाज वाढव. वाढव की रं!"

"अक्का, आवाज कमी हाय म्हणून न्हाई ते. स्पीकरचा पडदा फाटल्यावर कितीबी वाढवलं तरी त्यातनं—"

"वाढवून बग तरी!"

"बगितलंय. पंधरा दिवस तेच करत व्हतो. न्हाई जमत."

ती विमानाच्या चाकाजवळ खाली बसली. पदर तोंडाला लावून रडली, मोठ्यानं, अक्का कधी रडत नाही तशी. मी तिच्याजवळ बसलो. मला वाटलं, दाजींची नऊ वर्षं गेली म्हणून रडतेय. तसं म्हणालोही, की अजून काही संपलेलं नाही, साहेब उडवणार आहेत, दाजी शेजारी बसणार आहेत.

तिनं 'न्हाई' म्हणून मान हलवली.

"ह्यांनी पत्रा कापायला घेतला तवापासनं, दरसाल औंधला जाऊन मी यमाईला एकच मागत आल्ये," ती म्हणाली. "ह्यांना उडवू देऊ नगंस म्हणून. त्या दिवशी कराडातबी डोळं मिटून तेच म्हणत व्हते. ऐकलं बग तिनं."